फोनवरचं गोड बोलणं रद्द समजण्याबाबत

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांशी बारक्याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरच घातला आहे. खरोखरचा घातला असता तर मला उठवायला शेजारच्या बिऱ्हाडातून माणसं बोलवावी लागली असती.) इकडे सगळे ठणठणीत आहेत, म्हणजे ज्याचं जे दुखायचं ते नेमाने दुखतं आहे. तुझं कसं काय? रक्तदाब, डोळे, झोप आणि विशेषतः गुडघे यांचं सविस्तर कळव. गुडघ्यांचं मुद्दाम विचारतो आहे, पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

पत्रास कारण की, मागे मी तुला जो फोन केला आणि त्यात जे काही बोललो ते सगळं रद्द समजावं. 'अक्का, तुझ्यावाचून करमत नाही' हे रद्द. 'झालं गेलं गंगेला मिळालं, सहा वर्षांचा रुसवा सोडला' हे रद्द. 'माझ्याकडे राहायला ये' हेही रद्द. शेवटी जे रडलो तेही रद्द, ते तर आधी. हे फोनवरच सांगता आलं असतं, पण फोन हातात आला की मी काय बोलेन याचा मला आता भरवसा राहिलेला नाही. शिवाय विषय असा आहे की घरात सगळ्यांसमोर मोठ्याने बोलता येत नाही, आणि हळू बोललं तर तुला ऐकू येत नाही.

विषय लघवीचा आहे. आपल्या घरात या गोष्टीला नावच नव्हतं, आठवतं ना? आई 'जाऊन आलात का रे' एवढंच विचारायची, आणि कुठे ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. आता या वयात नाव घ्यायची लाज सोडावी लागली, कारण दिवसातला निम्मा वेळ मी तिकडेच असतो. उरलेला निम्मा तिकडे जायच्या विचारात. लागली म्हणून जावं तर तिथे पोचल्यावर ती म्हणते, मी कुठे बोलावलं होतं? परत येऊन खुर्चीत टेकावं तर लगेच हाक. रात्रभर हीच ये-जा. तुझी भावजय म्हणायची, तुम्ही पहाऱ्याची नोकरी धरा, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडाल. झोप अशी नाहीच. आणि झोप नसलेला माणूस सकाळी कसा उठतो हे माझ्या घरातल्यांना विचार. तुझ्या सूनबाईला (म्हणजे माझ्या, पण ती तुझंच जास्त ऐकते) लग्न होऊन सहा वर्षं झाली, इतक्या वर्षांत माझ्या तोंडून एक बरा शब्द तिने ऐकला नव्हता. ती गरीब गाय. तिला वाटायचं सासरे असेच येतात.

अखेर हिनेच, म्हणजे तुझ्या भावजयीनेच, कुठूनसं शोधून काढलं की, वैद्यकीय महाविद्यालयात एक डॉक्टरीणबाई म्हाताऱ्यांच्या मूत्राशयावर संशोधन करतात आणि त्यांना अभ्यासासाठी म्हातारे हवे आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच माझी कुणाला तरी गरज होती, तीही शास्त्राला, म्हणून मी गेलो. डॉक्टरीणबाई आपल्या चिरंजीवांच्या वयाच्या, चष्मा डोक्यावर आणि पेन केसांत. माझ्यासारख्या शंभर जणांच्या लघवीचा हिशेब ठेवायचा म्हणजे थट्टा नाही, पण बाई सदा हसतमुख. त्यांनी मला समजावून सांगितलं की मूत्राशय म्हणजे रबरी पिशवी. वय झालं की रबर ताठरतं, पहिल्याइतकं मावत नाही, आणि अर्धी भरली तरी पिशवी भरली-भरली म्हणून बोंब मारते. पुरुषांना शिवाय प्रोस्टेट नावाची एक गाठ दिलेली आहे, ती म्हातारपणी फुगते आणि वाटेत ठिय्या देऊन बसते. त्यामुळे सगळी बाहेर येत नाही, थोडी मागे राहते, आणि जी मागे राहते ती परत हाक मारते. (थोडक्यात, आपल्या मोठ्या काकांसारखं. निघालो निघालो म्हणायचे आणि दारात तासभर उभे.)

तिथे एक यंत्र आहे. वर नरसाळं, खाली भांडं, आणि भांड्याखाली काय, सांग पाहू? काटा! अगं, चक्क वजनाचा काटा. भांड्याचं वजन किती वेगाने वाढतं त्यावरून धारेचा आलेख निघतो. आता वजनमापं खात्याचा निरीक्षक म्हणून उभी हयात काढलेला माणूस मी, ज्याला सगळा बाजार 'शिक्केसाहेब' म्हणून ओळखायचा. मला काट्यापुढे उभं केल्यावर मी काय करणार? मी आधी विचारलं, याची पडताळणी शेवटची कधी झाली? बाई म्हणाल्या, काका, तुम्ही आधी सुरू तर करा. मी म्हटलं, पडताळणीचा शिक्का पाहिल्याशिवाय मी थेंबही देणार नाही. (बाहेर रांगेत चार म्हातारे पाय आवळून उभे होते. त्यांनी मला जे म्हटलं ते तुला लिहीत नाही.) दुसऱ्या खेपेला मी घरून माझी वजनांची पेटी नेली आणि एकेक वजन ठेवून काटा तपासला. काटा चोख निघाला, रतीभर फरक नाही. मग मात्र माझी पाळी आली. बाईंनी पडदा ओढला, मी उभा राहिलो, आणि ज्याला एरवी जिना उतरेपर्यंत दम निघत नाही त्याला काही केल्या थेंब फुटेना. बाहेरून रांगेतले म्हातारे शीळ घालून मदत करत होते. शेवटी जो आलेख निघाला तो बघून बाई म्हणाल्या, निरोगी माणसाचा आलेख टेकडीसारखा असतो. माझा उखडलेल्या रस्त्यासारखा होता. यंत्रात दोष नव्हता, हे मीच सिद्ध करून ठेवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण बाईंनी उपाय चांगले दिले, खोटं कशाला बोलू. दिवसा पाणी तोडायचं नाही, उलट नीट प्यायचं. दिवेलागणीनंतर चहा बंद. दुपारी पाय उशीवर ठेवून पडायचं, म्हणजे पायांत उतरलेलं पाणी दिवसाच मोकळं होतं. लागली की धावायचं नाही. थोडं थांबायचं, मन दुसरीकडे लावायचं. मी मनात पाढे म्हणतो. आणि एक व्यायाम. धार मधेच थांबवायची असेल तर जे स्नायू आवळतो ते आवळायचे आणि सोडायचे, बसल्या जागी, दिवसातून कितीतरी वेळा. कुणाला कळतही नाही असं बाई म्हणतात, पण मला चेहरा सांभाळता येत नाही. दवाखान्याच्या रांगेत एका गृहस्थाने उठून मला खुर्ची दिली, म्हणाला, कळ कुठे येते आहे?

आणि अक्का, एक दिवस काय झालं, मला जाग आली ती डोळ्यांवर ऊन आलं म्हणून! मधे उठलोच नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी शीळ घालत दात घासले. आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

सूनबाईने चहा आणून दिला. मी म्हटलं, चहा फक्कड झालाय गं. तिच्या हातातला दुसरा कप खाली पडला. दूधवाला आला, त्याला मी म्हटलं, ओत तुझ्या मापाने. (रोज मी माझ्या मापाने मोजून घेतो. तो मला मनातून काय म्हणतो ते मला माहीत आहे.) तो दूध ओतून गेला आणि कोपऱ्यावरून परत आला. हिला हळूच विचारतो, काकांना बरं आहे ना, आज मोजलं नाही. हिला मी म्हटलं, तू फार दमतेस, जरा बस माझ्याशेजारी. ही बसली, पण कपाळाला हात लावून ताप बघायला. चिरंजीवांना म्हटलं, तुझं चुकलं असेल तसं माझंही चुकलं असेल. ते कामावर गेलेच नाहीत, दारं खिडक्या लावून माझ्यावर नजर ठेवून बसले. आणि त्याच दिवशी दुपारी तुला तो फोन झाला. तू काय केलंस? 'प्रवास नाही रे झेपत मला, गुडघे' एवढं म्हणालीस, फोन ठेवलास, आणि लगेच भावजयीला लावलास. काय सांगितलंस तिला? 'याला आधी डॉक्टरकडे ने. हा गोड बोलतोय.' सख्खी बहीण तू! लहानपणापासून मला ओळखतेस, त्याची अशी साक्ष दिलीस.

मग काय, नेलं मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांच्या दवाखान्यात वजनाचा जो काटा आहे त्यावरून दर खेपेला माझं त्यांच्याशी वाजतं. त्या दिवशी मी काट्यावर निमूट उभा राहिलो आणि वर म्हटलं, डॉक्टर, तुम्हीच थकलेले दिसता, विश्रांती घ्या. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी मला वार विचारला, साल विचारलं, ही कोण म्हणून बायकोकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ही माझी लक्ष्मी. झालं! ही रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी लघवीत जंतू झाले की जळजळ, ताप काहीच नसतं कधीकधी, एकदम वागणंच बदलतं, माणूस भ्रमिष्टासारखा करतो. लघवी तपासायला द्या. आणि झाकणाची एक प्लास्टिकची डबी दिली.

आता नीट ऐक, कारण सगळं रामायण इथे आहे. त्या डबीच्या अंगावर मापाच्या रेघा होत्या. रेघा आहेत आणि शिक्का नाही. मला निवृत्तीच्या वेळी खात्याने काचेचं जे प्रमाण-माप भेट दिलं, मखमली पेटीतलं, ते तू पाहिलं आहेस. मी काय केलं, पेटीतून ते माप काढलं, नमुना आधी त्यात घेतला, रेघ बघितली, आणि मग डबीत ओतला. (डबीची रेघ चुकीचीच होती. थोडीशीच, पण चुकीची.) मनाला समाधान वाटलं. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवला नाही, तर स्वतःच्या लघवीच्या बाबतीत का ठेवावा?

अहवाल आला, जंतूच जंतू. लाखांनी. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे बाबा चांगले झालेले नाहीत, आजारी आहेत! जोरदार गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी माझं पोट असं काही ढवळून निघालं की आधी एका कारणाने ये-जा व्हायची ती आता दोन्ही कारणांनी व्हायला लागली. झोपेचं खोबरं झालं. चौथ्या दिवशी सकाळी मी सूनबाईला म्हटलं, हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी? तर ती पोरगी हसली, अक्का! आत जाऊन ओरडली, आई, बाबांना गुण आला! चिरंजीव कामावर गेले. दूधवाल्याचं दूध मी मोजलं, कमी भरलं, त्याला झाप झाप झापलं, तोही खूश. हिने सगळ्या गल्लीत सांगितलं की गोळ्या लागू पडल्या. तेव्हाच मी तुला पत्र लिहायला घेतलं होतं की, बये, तो फोन मी केला नाही, जंतूंनी केला. वरची सगळी कलमं त्याच दिवशी मनात तयार झाली. माझ्या मनावर केवढं ओझं होतं सांगू? सहा वर्षं ताठ राहायचं आणि एका दुपारी फोनवर हमसून रडायचं, ही काय रीत झाली? जंतू निघाले म्हणून माझी अब्रू वाचली.

ती दोन दिवसच वाचली. डॉक्टरीणबाईंकडे ठरलेल्या दिवशी गेलो आणि तो अहवाल मोठ्या तोऱ्यात त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी वाचला. चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि परत वाचला. म्हणाल्या, काका, हा जो जंतू लिहिला आहे, हा सहसा माणसात राहत नाही. हा साचलेल्या पाण्यात असतो, ओल्या मातीत, झाडांच्या मुळांशी. नमुना कसा घेतलात? मी अभिमानाने सगळं सांगितलं, पेटी, मखमल, शिक्का. बाई आधी ओठ दाबून ऐकत होत्या. मग त्यांनी टेबलावर डोकं ठेवलं आणि खांदे गदगदा हलायला लागले. घरी येऊन हिची उलटतपासणी घेतली. तेव्हा कळलं की माझ्या प्रमाण-मापात हिने सबंध वर्ष मनीप्लांटची फांदी लावून ठेवली होती, स्वयंपाकघराच्या खिडकीत! उंची बरोबर होती म्हणे. पुढे कुंडी आणली तेव्हा माप नुसतं विसळलं आणि परत पेटीत. मला पत्ता नाही. मी म्हटलं, अगं ते सरकारी शिक्क्याचं माप आहे. ही म्हणते, फांदी छान फुटली त्यात. मापात पाप, मापात पाप म्हणून ज्याने सगळ्या बाजाराला धारेवर धरलं, त्याच्याच घरात, त्याच्याच पेटीत!

पुन्हा नमुना दिला, सरळ त्यांच्या डबीत, कुठल्याही पडताळणीशिवाय. (डोळे मिटून दिला.) स्वच्छ निघाला. बाई म्हणाल्या, तसे या वयात कित्येकांच्या लघवीत जंतू सापडतात आणि ते बिचारे काही न करता नांदत असतात. पूर्वी वाटायचं मूत्राशयात जंतूच नसतात, आता कळतं आहे की असतात. म्हाताऱ्याचं वागणं बदललं की खापर त्यांच्यावर फोडून गोळ्या द्यायच्या की आणखी कारणं शोधायची, यावरच आम्ही काम करतो आहोत. तुमच्या बाबतीत तर तेही नव्हते. मी म्हटलं, मग मी गोड का बोललो? ते तरी सांगा. बाईंनी मी त्यांना लिहून देतो त्या माझ्या झोपेच्या नोंदी काढल्या, बोट ठेवलं, आणि म्हणाल्या, काका, तुमची झोप झाली होती.

एवढंच. वर हसत म्हणाल्या, तुमच्या घरच्यांनी आजारी माणसाला बरं समजलं आणि बऱ्या माणसाला गोळ्या दिल्या. मला हसू आलं नाही. मी तिथल्या लांबलचक व्हरांड्यातल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. म्हणजे घरातले ज्याला घाबरतात तो माणूस अर्धा तरी लघवीने केलेला आहे, आणि ज्याला फोनवर रडू आलं तो मी. आता कुणाला सांगणार? गोळ्या संपल्या, पुन्हा झोप लागते आहे, पण चहा चांगला झाला असं म्हणायची सोय राहिली नाही. म्हटलं की ही डबी काढते.

त्या बाकावर बसलो होतो तेव्हा बाई डबा खायला शेजारी येऊन बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, पुरुष निदान कुरकुर करत येतात, बायका येतच नाहीत. वय झालं की बायकांचे तिथले स्नायू सैल पडतात, आतलं अस्तर पातळ होतं. खोकला आला, जिना उतरला, मोठ्याने हसू आलं की थेंब सुटतो. कुणाला सांगत नाहीत. मग हळूहळू बाहेर पडणं बंद. आधी लांबचा प्रवास बंद, मग लग्नकार्यं बंद. जायचंच झालं तर आदल्या दिवसापासून पाणी तोडतात, त्याने त्रास आणखी वाढतो. घरी विचारलं की सांगतात, गुडघे दुखतात. गुडघे चारचौघांत दुखू शकतात ना, काका. आणि यातलं पुष्कळसं व्यायामाने, औषधाने बरं होणारं असतं, पण त्यासाठी आधी बोलावं लागतं.

अक्का, मला आपला शेवटचा एकत्र प्रवास आठवला. मी पाण्याची बाटली पुढे केली तर तू 'तहान नाही' म्हणालीस आणि तुझे ओठ सुकलेले होते. कुणाच्याही घरी गेलो की तू दाराजवळची खुर्ची धरायचीस. आणि मी विनोद सांगायला लागलो की तू उठून आत निघून जायचीस. घरात सगळ्यात मोठ्याने हसणारी तू! मला वाटायचं माझे विनोद तुला आवडेनासे झाले. त्यानंतर चिरंजीवांच्या लग्नाला तू आली नाहीस, गुडघ्यांचं कारण सांगितलंस, आणि पुढच्याच महिन्यात तुझ्या शेजारणीकडून हिला कळलं की हे गुडघे रोज तीन जिने चढून गच्चीतल्या झाडांना पाणी घालतात. तेव्हापासून मी रुसून बसलो ते बसलोच. असो.

सांगायचा मुद्दा, फोन रद्द. मोठ्यांना नमस्कार सांगायला आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, तेव्हा सगळे नमस्कार तूच वाटून घे.

तुझा,
बारक्या

ता. क. फोन रद्द का, ते लिहायचं राहिलं. फोनवर मी 'ये' म्हणालो होतो. ते चुकलं. 'न्यायला येतो' म्हणायला हवं होतं. तेवढी दुरुस्ती करून बाकीचा फोन कायम समजावा. रडणं ठेवायचं की नाही ते तू ठरव.

आणखी ता. क. मागल्या आठवड्यात मी घरी निवृत्तिवेतनाच्या कामाला जातो असं सांगून बाहेर पडलो आणि बसने तुझ्या गावापर्यंत जाऊन आलो. वाटेत गाडी जिथे जिथे थांबते तिथली बायकांची स्वच्छतागृहं तपासली. (आत नाही गेलो, मार खायची हौस नाही. प्रत्येक ठिकाणी एखाद्या बाईला विनंती करून आत कडी, पाणी, दिवा आहे का विचारून घेतलं. दोघींनी मला वेडा ठरवलं, एकीने तर स्वतः बादली भरून ठेवली.) पहिला थांबा उत्तम. दुसऱ्या ठिकाणी कडी नव्हती. मी उपाहारगृहाच्या मालकापुढे हात मागे बांधून, भुवया चढवून, नोकरीत उभा राहायचो तसा उभा राहिलो, एक शब्द बोललो नाही. परतताना पाहिलं तर नवी कडी, नवा दिवा, वर चुना मारलेला. तिसरा थांबा बरा आहे. चालकाशी बोललो आहे, त्याला साखर आहे, त्यामुळे त्यालाही सारखी लागते. म्हणाला, काका, तुम्ही हात करा, मी कुठेही थांबवतो. दोन थांब्यांमधलं अंतर माझ्याच मूत्राशयाने मोजलं आहे. ते उपकरण आता कडक शिस्तीचं आहे, त्याला जमलं तर तुला जमेल. सूनबाईला मी सगळं सांगितलं आहे. तिने तुझी खोली न्हाणीघराशेजारची केली आहे, आणि डॉक्टरीणबाईंकडे तुला तीच नेणार, मी बाहेर बाकावर बसेन.

शेवटचं ता. क. त्या दिवशी मी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तू गच्चीत होतीस, झारीने पाणी घालत होतीस. हाक मारायला तोंड उघडलं आणि नेमकी मला लागली. सहा वर्षांनी बहिणीच्या दारात जायचं आणि पहिलं वाक्य काय, तर 'न्हाणीघर कुठे आहे?' ते बोलायला मी धजलो नाही, स्थानकाकडे पळत सुटलो, आणि बाहेर येतो तो परतीची बस सुटायला आली होती. आपण दोघंही एकाच मापाचे, अक्का. येत्या रविवारी सकाळच्या बसने न्यायला येतो, आणि या खेपेला पहिलं वाक्य तेच बोलेन. परतीच्या दोन जागा धरल्या आहेत, दाराजवळच्या. वाटेत मी विनोद सांगणार आहे, तू हस. आणि निघताना पोटभर पाणी पिऊन निघ.